मणाच्या वर गेले त्या वर्षी

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे बरं — पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, सुशीलाकाकू ओट्यावर बसलेली दिसली की घाईतला माणूस पलीकडच्या बाजूनं जातो. इतकं बोलणाऱ्या बाईच्या पोटात चाळीस वर्षं एक गोष्ट राहते कशी? राहते. मी ठेवली म्हणून राहिली.

तुम्ही माझ्या ओळखीचे आहात असंच धरून सांगते. अनोळखी माणसाला सांगायचं म्हटलं की मी पुन्हा गोड करून सांगेन.

आधी माझे दंड बघा. साठी उलटली, पण पाण्याची भरलेली कॅन मी अजून एकटीनं ओट्यावर ठेवते. सुनेला हात लावू देत नाही. गल्लीतल्या वाळक्या पोरी आणि त्यांच्या आया मला विचारायला येतात, काकू, तुम्ही तर लग्नाआधी काडी होत्या म्हणे, मग हे अंग कसं कमावलं? मी सांगते. चांगलं ऐटीत सांगते. आणि दर वेळी खोटं सांगते.

काडी होते हे मात्र खरं. माहेर माझं सौंसरजवळ, घरचा संत्र्याचा बगीचा आणि कापूस. खायला कमी नव्हतं, पण माझ्या अंगाला काही लागायचंच नाही. अंगणात कापूस मोजायचा मोठा काटा होता. वेचणी संपली की शेवटच्या गाठोड्यानंतर दादा मला उचलून काट्यावर बसवायचा, ही आमच्या घरची दरवर्षीची गंमत. आमच्याकडे चाळीस किलोचा मण धरत. एकोणिसाव्या वर्षी मी भरले सदतीस. दादा ओरडला, "बापा, हे तं मनभरबी नाही! घ्या, कोणाले पाहिजे असल तं गाठोड्यावर फुकट!" सगळे हसले. मीही हसले. त्याच हिवाळ्यात दोन ठिकाणची माणसं मला बघून, पोहे खाऊन गेली होती, आणि दोन्ही ठिकाणांहून एकच निरोप आला होता — पोरगी नाजूक आहे. नाजूक म्हणजे काय ते आईला कळलं, मलाही कळलं.

मग आईनं मला खायला घालायचा सपाटा लावला. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, साय, केळी, पुन्हा लाडू. आणि काम बंद. तेव्हा आमच्याकडे बायकांचा असाच हिशेब होता, की आधीच वाळकी पोर, त्यात काम केलं तर आणखी झिजेल; बसून खाल्लं तरच अंगी लागेल. बसून खाल्लं, आणि माझं पोट बिघडलं. सदतीसातलेही दोन किलो गेले. अन्न दिसलं की रडू यायचं. तुम्ही कधी रडत रडत लाडू खाल्लाय?

आता शेवंताबाईबद्दल सांगते. हे नाव मी इतक्या वर्षांत तोंडानं उच्चारलेलं नाही. बघा, लिहितानाही हात थांबला.

शेवंताबाई आमच्याकडे कामाला येई. गावच्या बौद्ध वस्तीतली, तेव्हा तिशीच्या पुढची असेल. जयंतीच्या मिरवणुकीत बायकांच्या लेझीमची पुढारी तीच. तिचे दंड असे, की संत्र्याची भरलेली पेटी डोक्यावर घेऊन ती मान वळवून गप्पा मारायची. मृग बहाराच्या संत्र्यांचा तोडा सुरू होता, माणसं कमी पडली, म्हणून बाबांनी मला बगिच्यात बसायला पाठवलं — झाडाखाली बसून पेट्यांच्या तळाला तणस, म्हणजे वाळलेलं गवत, अंथरायचं, एवढंच. दुपारी मी डबा उघडला, लाडू पाहिला आणि तोंड फिरवलं. शेवंताबाई शेजारच्या झाडाखाली जेवत होती. तिनं ते पाहिलं.

"सुशीलाताई, भूक लागते का तुमाले?"

मी म्हटलं, नाही लागत.

"बसल्या बसल्या कशी लागल? इंजिन बंद, अन् कोळसा टाकून राहिले सारे. उठा. पेटी उचला."

रिकामी पेटी. तिथून सुरुवात झाली. तिनं दाखवलं — कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं, पेटी छातीशी घ्यायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. दहा वेळा. मग श्वास घ्यायचा. मग पुन्हा दहा. दर आठ दिवसांनी पेटीत पाच-सहा संत्री जास्त. बाजाराच्या दिवशी पूर्ण आराम — "आंग आरामातच भरते," ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात मला जिना उतरता येईना. आईला सांगितलं पाय मुरगळला. दुसऱ्या आठवड्यात भूक लागली. अशी लागली की मी लाडू संपवला, भाकरी संपवली आणि शेवंताबाईच्या डब्याकडे बघत बसले.

तिच्या डब्यात ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि दोन उकडलेली अंडी होती. घरच्या कोंबड्यांची. तिनं एक सोललं, चटणीला लावलं आणि माझ्यापुढे धरलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात चार अंडी. दोन माझी. तिच्या घरी खाणारी तोंडं किती होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी आपली घरून शेंगदाणे आणि गुळाचा खडा नेत असे, तो ती हसून घेई. दोघीच असलो की ती मला ताई म्हणायचं सोडून पोरी म्हणू लागली. "पोरी, रडून खाऊ नको, आंगी नाही लागत." तोडा संपला, तरी मी काही ना काही काढून शेतात जायचे. उन्हाळ्यात शेणखताच्या टोपल्या, पावसाळ्यात झाडांच्या आळ्यांची माती. नऊ महिने. ब्लाऊजची शिवण दोनदा उसवली. आई खूश — लाडू लागू पडले म्हणायची. मी म्हणू दिलं.

इथे मला वाटतं तुम्ही म्हणाल, घरी अंडं चालत नसेल, म्हणून पोरगी लपवत असेल. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण मग ऐका. माझा दादा सौंसरच्या बस स्टँडवर आमलेट खाऊन यायचा. बाबांना माहीत होतं. आई म्हणायची, तोंड धुऊन आत ये, बस्स. अंड्याचं काही नव्हतं. डबा कोणाचा, त्याचं होतं. ते मला पहिल्या घासापासून माहीत होतं.

पुढच्या हंगामात कापूस वेचायचा पहिला दिवस आला. सकाळी शेतात बांधावर पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला, मग वेचणी. पांढुर्ण्याहून एक स्थळ आलं होतं, मुलाची आत्या मुद्दाम त्याच दिवशी आली — म्हणाली, पोरीला घरच्या कामात बघू, सजवून बसवलेली नको. दुपार कलल्यावर सगळ्या वेचणाऱ्या बाया अंगणात गाठोडी घेऊन आल्या. शेवंताबाई पण. काट्यावर गाठोडी चढली, उतरली, आणि वेचणी संपायची वाट न बघता दादाला पहिल्याच दिवशी आपली गंमत आठवली. यंदा त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि "आई वं, कंबर गेली माही!" म्हणून बाजूला झाला. मीच चढून बसले.

सेहेचाळीस.

"मणाच्या वर! मणाच्या वर गेली आमची सुशी!" अंगणात टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, आयुष्यात त्यानंतर पुष्कळ चांगले दिवस आले, पण त्या काट्यावर बसल्यावर जे वाटलं ते पुन्हा नाही. आत्याबाईंनी माझा दंड दाबून बघितला, आईला म्हणाल्या, "काय चारलं वं हिले?" आई म्हणाली, डिंकाचे लाडू, दुसरं काय!

आणि शेवंताबाई हसली. तिला राहवलं नाही. तिचं नऊ महिन्यांचं काम काट्यावर बसलं होतं, ती का नाही हसणार? म्हणाली, "लाडवानं कोनाचे दंड फुगते का, आत्याबाई? माह्या कोंबड्यायले विचारा! रोजचे दोन अंडे खाल्ले पोरीनं, माह्या डब्यातले!"

एकदोन बाया हसल्या. मग कोणी हसेना. आत्याबाईंनी माझ्या दंडावरचा हात काढून घेतला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं का?"

मी काट्यावरच होते. उतरले पण नव्हते.

मी म्हटलं, "नाही, बाबा. मी हिच्या डब्याले हातबी नाही लावला. खोटं बोलून राहिली ही."

घाबरून तोंडातून निसटलं, असं नाही. मला विचार करायला वेळ होता. तेवढ्या वेळात मी आत्याबाईंचं तोंड पाहिलं, शेवंताबाईचं पाहिलं, आणि निवडलं. आवाजसुद्धा कापला नाही माझा — अंगात ताकद आली होती नं.

शेवंताबाईनं वाद घातला नाही. तिला सांगता आलं असतं — कुठल्या झाडाखाली, कोणत्या बाईनं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "व्हय, ताई. मीच खोटी." पोरी नाही. ताई. मग आपलं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं. बाबा म्हणाले, "उद्यापासून वेचणीले येऊ नको." ती फाटकातून गेली, मागे न बघता.

लग्न ठरलं. आत्याबाई आईकडून लाडवांची कृती विचारून गेल्या.

त्या हंगामात शेवंताबाईला आमच्या बाजूच्या एकाही शेतात काम मिळालं नाही. मालकाच्या पोरीवर आळ घेणारी बाई, असं तिचं नाव झालं. ती रोज लोधीखेड्याकडे वेचणीला जाते, अंधार असतानाच निघते, हे दादानं जेवताना सहज सांगितलं. मी ताटात बघून जेवत राहिले. भूक चांगली लागत होती.

पुन्हा एकदाच भेटली. लग्नाला चार वर्षं झाली होती. पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर सासूबाई आणि मी उभ्या होतो, म्हशीसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं घेतलं होतं. हमाल दिसेना, म्हणून मीच ते उचललं. मागून आवाज आला, "गुडघ्यातून बसली. बरं केलं."

वळून पाहिलं तर शेवंताबाई. सौंसरच्या गाडीकडे निघालेली, डोक्यावर बोचकं, केस थोडे पांढरे. रागानं म्हणाली नाही, टोमणा पण नव्हता. शिकवलेलं काम कोणी नीट केलं की आपण म्हणतो, तसं म्हणाली. ती थांबली पण. दोन पावलांवर थांबली.

सासूबाईंनी विचारलं, "कोण वं ते? तुह्या वळखीची हाय का?"

इथे तर बाबा नव्हते, काटा नव्हता, मोडण्याजोगं स्थळही नव्हतं. काय गेलं असतं माझं? मी म्हटलं, "नाही बा. चुकली असल."

तिनं ऐकलं. गाडीत चढली.

पुढे ती कुठे गेली, आज आहे की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. करायला मला कोणी अडवलं नव्हतं. माहेरी जाताना तिच्या वस्तीवरूनच रस्ता जायचा.

आता हे का सांगते? मागच्या महिन्यात नात आली होती नागपूरहून. माझ्यासारखीच काडी. जिमला जाते, डब्यातली पावडर दुधात ढवळून पिते. म्हणाली, आजी, खरंखरं सांग, तू कशी झालीस एवढी मजबूत? खरंखरं म्हणाली. आणि मी बसल्या जागी तिला डिंकाचे लाडू सांगितले. तिनं लिहून पण घेतले.

ती गेल्यावर मी वही काढली. तर खरी कृती ही अशी. रिकाम्या पेटीपासून सुरुवात करायची. गुडघ्यातून बसायचं, कमरेतून नाही. दर आठ दिवसांनी थोडं वजन वाढवायचं, बाजाराच्या दिवशी आराम. भूक लागेपर्यंत काम, आणि भूक लागली की पोटभर भाकर. रडत खायचं नाही. आणि रोज दुपारी दोन उकडलेली अंडी, जवसाच्या चटणीला लावून.

अंडी शेवंताबाईची होती. मी खाल्ली. आणि काट्यावर बसून म्हटलं, ती खोटं बोलते.