सुमनच्या दोन थापा

सुमन जाऊन दीड महिना झाला. कामणात आमच्या पाड्यावर अजून बोलतात, की म्हाताऱ्याने डॉक्टर नको म्हणत असताना बायकोला दवाखान्यातून घरी आणली. तोंडावर कोणी बोलत नाही, पण मी दुकानात शिरलो की बोलणं थांबतं. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका नात काढेल. पण घडलं ते असं घडलं.

तरुणपणी मी जत्रेत कुस्त्या धरायचो. भिवंडीपर्यंत लोक ओळखायचे. कुस्तीत एकच गोष्ट खरी, पाठ लागली की संपलं. पुढे नात प्राची, माझ्या मुलाची मुलगी, चौदा वर्षांची असताना वसईत एका हॉलमध्ये ग्रॅपलिंग नावाची परदेशी कुस्ती शिकायला लागली. पोर एकटी कशी जाईल म्हणून सुमन बसने सोबत जायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिथल्या मॅडम एक दिवस म्हणाल्या, मावशी, बसून काय करता, या की. सुमन तेव्हा अठ्ठावन्नची. आमच्या बाया भात लावताना लुगडं वर खोचून कासोटा मारतात, तशीच ती मॅटवर उतरली. मला कळलं तीन महिन्यांनी.

मी विचारलं, शिकवतात तरी काय? तर म्हणे, आपण पाठीवर असताना वरच्याचा हात कसा अडकवायचा ते. मी इतका हसलो की चहा सांडला. "पाठीवर पडलीस म्हणजे हरलीस, त्यात शिकायचं काय?" ती भांडी घासत होती. हात धुतले, पडवीत आली, प्राचीची सरावाची मॅट अंथरली आणि वर तिने स्वतः शिवलेली गोधडी टाकली. म्हणाली, "ओ पैलवान, या. हरवा."

रविवारची सकाळ होती. ती उताणी पडली आणि दोन्ही पाय माझ्या कंबरेभोवती घेतले. मी पैलवान ना... तिचे खांदे जमिनीला लागलेले बघितले आणि दोन्ही हात सरळ करून छातीवर दाबले. उताणा पडलेला उठू नये म्हणून आम्ही तसंच दाबतो. दाबलं आणि प्राचीकडे बघून म्हणालो, "बघ, झाली कुस्ती." तेवढ्यात सुमनने माझं मनगट छातीशी धरलं, एक पाय माझ्या कंबरेला लावला, अंग आडवं फिरवलं आणि दुसरा पाय माझ्या तोंडावरून पलीकडे टाकला. माझा उजवा हात तिच्या मांड्यांमध्ये, अंगठा आभाळाकडे. तिने गुडघे आवळले आणि कंबर जरा उचलली. कोपरात कळ आली ती थेट दाढेपर्यंत.

"थाप मारा," ती म्हणाली. त्यांचा नियम तसा आहे, हरलेल्याने दोनदा थाप मारायची, की धरणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं. विचारायचं नाही, एक श्वासही जास्त धरायचं नाही. कुस्तीत असलं काही नसतं. मी म्हटलं, नाही मारत.

"आजोबा, टॅप करा ना," प्राची रडवेली झाली.

सुमन तिथेच थांबली होती. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही. तिच्या पायांना कंप सुटलेला मला गालावर जाणवत होता. "तुमी नाय मारली तर मी नाय सोडनार," ती म्हणाली. मग मी माझी अक्कल दाखवली. तिला सगळीच्या सगळी उचलायला गेलो, आणि कोपरात सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

दीड महिना हात गळ्यात होता. सुमन भरवायची. माफी तिनेही मागितली नाही, मीही नाही. एकदा घास देताना फक्त म्हणाली, "साठ मैदानं मारली, पन थाप मारायला कोनी शिकवलं नाय तुमाला." तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

मग तिची फुप्फुसं सुकायला लागली. पाच वर्षं काढली तिने. शेवटी दवाखान्यात तोंडाला घट्ट मास्क, आणि डॉक्टर म्हणाले, आता घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, उठतील असं सांगता येत नाही. ती मास्क ओढायची म्हणून नर्सने मला तिचं मनगट धरायला सांगितलं. दुपारी मी धरून बसलो होतो. तिने दुसऱ्या हाताने माझ्या वाकड्या कोपरावर दोनदा थाप मारली. मी मनगट आणखी घट्ट धरलं. पुन्हा दोनदा. प्राची पायाशी उभी होती. "आजोबा, तिने टॅप केलंय."

"गप बस."

"नियम आहे, आजोबा. लगेच सोडायचं असतं."

सुमन माझ्याकडे बघत होती. आणखी दोनदा... आता थापेत जोरही नव्हता. मी सोडलं. तिने मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "घरी. पडवीत."

घरी नेलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मी कळलं म्हणालो आणि सही केली. सहा दिवस ती पडवीत होती. सातव्या दिवशी सकाळी प्राचीची वेणी बघून म्हणाली, सैल झालीय, घट्ट घाल. त्यानंतर बोलली नाही.

सोडलं ते बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. आधीच्या चार थापांना मी सोडलं नाही, एवढंच टोचतं.

आता रविवारी प्राची पडवीत मॅट अंथरते, वर तीच गोधडी टाकते. तिला सरावाला वर कोणीतरी लागतं. मी गुडघ्यावर बसतो आणि चांगला, डावा हात देतो. ती फिरते, पाय तोंडावरून टाकते, गुडघे आवळते. कंबर उचलायच्या आत मी गोधडीवर दोनदा थाप मारतो.

"आजोबा, अजून लागलं पण नाही तुम्हाला."

"माहीत आहे," मी म्हणतो. "सोड."