तात्या परबांच्या डब्यांतली शेवंती

"...अगं, सुलूचा होणारा नवरा पहाटे आपल्या गॅलरीत! हातात शेवंती, आणि चोरून—"

एवढंच ऐकलं आणि नळाला पाणी आलं. बोलणारी तळमजल्यावरची इंदू कळशी भरून तरातरा निघूनही गेली! अर्धी बातमी घेऊन मी दोन जिने चढले.

परळच्या आमच्या चाळीत असले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दार उघडं ठेवायचं, बस्स. माझं कायम उघडंच असतं. त्यातून शेजारी तात्या परब आणि त्यांच्या सुलूचं लग्न! मग काय, किस्से पायलीभर साठले.

*

सुरुवात साखरपुड्यात झाली. दादरच्या विहीणबाई म्हणाल्या, "फुलांचं आम्ही मार्केटातून बघू हो. मोगरा सांगू. चाळीत कुठली फुलं! आमच्या गच्चीत वीस कुंड्या आहेत."

तात्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर; बोली मालवणी. आवाज साच्यांच्या वरचा. म्हणाले, "लग्न मार्गशीर्षात. तेव्हा मोगरा नसता, शेवंती असता. दोन्ही हार माझ्या गॅलरीतले! बाजारातलं एक फूल आलं, तर परब नाव लावणार नाही."

सगळे हसले. सुलू सोडून. आत येऊन मला म्हणाली, "काकू, हार कमी पडला तर बाबा दोन दिवस ऐकतील. मला जन्मभर ऐकायला लागेल."

*

वनस्पती तुपाचे पंधरा डबे आले, तळाला भोकं पडली, रोपं लागली. खत म्हणून तात्या रोज बांगडे धुतलेलं पाणी घालायचे. ऊन चढलं की गॅलरीतून जाणारा नाक धरूनच जाई.

समोरचे जोशीमास्तर एकदा थांबून म्हणाले, "तात्या, ही शेवंती फुलणार की माशासारखी गाभोळी देणार?"

*

फुलं धरली तशी कमी व्हायला लागली. आमच्याकडे पहाटे देवासाठी दुसऱ्याच्या दारचं फूल घेतलं, तर त्याला चोरी म्हणत नाहीत. तात्यांनी पाटी लावली: 'लग्नापर्यंत देवांनी मागू नये.'

मी एकच घेतलं होतं.

*

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज मोर्चा, रोज सभा. तात्या प्रत्येक सभेत पुढे बसणारे. एकदा संध्याकाळी समितीची चार माणसं दारात आली. "तात्या, आज मैदानावर पुढारी येतायत. हार पाहिजे. महाराष्ट्रासाठी!"

तात्या डब्यांना पाठ लावून उभे राहिले.

"मुंबय घेतल्याबिगर रवाचव नाय!" ते ओरडले. "पण शेवंती देवचय नाय!"

माणसं घोषणा देत परत गेली. दुसरं काय करणार?

*

मग रोपांवर माव्याची कीड पडली. पाच डबे गेले. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा तात्यांनी उमललेली फुलं खुडून ओल्या फडक्यात, दाराबाहेरच्या परडीत ठेवली. थंडाव्याला. फुलं भरली नव्वद. दोन हारांना दोनशे तरी हवीत.

तात्या जेवले नाहीत. सुलूने कोणाला तरी चिठ्ठी लिहून एका पोराच्या हाती लगेच धाडली. कोणाला ते दिसलं नाही, पाकिटावरच्या पत्त्यावर तिचा हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीत एकशेवीस! तिसऱ्या दिवशी एकशेसाठ! लग्नाच्या आदल्या दिवशी दोनशेच्या वर! तात्यांनी सगळ्या मजल्यांना जमवून बांगड्यांच्या पाण्यावर भाषण दिलं. खुडलेलं फूल पाण्याने कसं वाढेल, असं मास्तरांनी विचारलं. तात्या म्हणाले, "मास्तर, तुम्ही मासे खात नाय. तुमका कळूचा नाय."

इंदूची ती अर्धी बातमी याच आठवड्यातली.

*

लग्नाच्या दिवशी नेमका हरताळ. ट्रामा बंद, दादरचं फूलमार्केट बंद, बँडवाले घरी. वऱ्हाड दादरहून चालत आलं, घामाघूम आणि हाराशिवाय. चाळीच्या चौकात अंतरपाट दूर झाला आणि दोघांच्या गळ्यात पिवळीधमक शेवंती पडली, गुडघ्यापर्यंत! सुलू तेव्हा कुठे हसली.

पंगती उठल्यावर मी नवऱ्यामुलाला, वसंतरावांना, कोपऱ्यात गाठलं. "जावईबापू, पहाटे आमच्या गॅलरीत चोरी केलीत म्हणे?"

ते लाजले. "चोरी केली, काकू. पण तुमच्या गॅलरीत नाही."

मला आणखी विचारायचं होतं. तेवढ्यात विहीणबाई तात्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. हाराचं एक फूल बोटांनी दाबून बघितलं.

"मानलं हो तुम्हाला! आमच्या शेवंतीच्या कुंड्यांना यंदा काय झालंय कोण जाणे. रात्री बघावं तर डवरलेल्या, सकाळी बघावं तर नुसती पानं."

तात्यांनी त्यांना जरा बाजूला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, बांगड्यांचा पाणी घाला."