थट्टा बंद झाली तेव्हा

जानेवारी १९८७, सोमवार. सकाळी सौंसरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी गॉज कापून ड्रममध्ये भरत होते. ड्रम म्हणजे पट्ट्या आणि कापसाचे बोळे वाफेने निर्जंतुक करायचा स्टीलचा गोल डबा. त्या काळी आमच्याकडे मोतीबिंदूची ऑपरेशनं हिवाळ्यातच होत. उन्हाळ्यात डोळा पिकतो, असा लोकांचा ठाम समज. त्यामुळे वॉर्ड भरलेला होता, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं ओळीने पडलेली. रविवारची सुटी पांढुर्ण्याला माहेरी काढून मी पहिल्या बसने परतले होते.

वॉर्ड शांत होता. खिडकीजवळच्या कॉटवर डोमाजी होते, आणि ते असताना तो कधी शांत नसायचा.

डोमाजी रामाकोना गावचे. एक डोळा लहानपणीच पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी लागून गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन शुक्रवारी झालं, म्हणजे आता दोन्हीकडे अंधार. माणूस नुसत्या आवाजांवर दिवस काढत होता. मी नर्स, पण त्यांच्या लेखी मास्तरीण. ड्रेसिंगला गेले की म्हणायचे, "आल्या मास्तरीणबाई! हात हाय का खुरपं?" मी म्हणायची, "गप पडा, नाहीतर तोंडावरही पट्टी बांधीन." आमची आया कुसुम त्यांना सरळ "ओ बुढ्या" म्हणायची, ते तिला "सासूबाई". ही थट्टा मी मुद्दाम चालू ठेवत असे. पट्टीखालचा माणूस घाबरला की मान झटकतो, उठून बसतो, टाक्यावर ताण येतो. थट्टेत रमलेला माणूस निवांत पडतो.

मी जवळ गेले.

"कोण? मास्तरीणबाई?"

"हो. कसं काय?"

"जयभीम. बाई, माह्या डोळ्याचं काय झालं?"

"का हो?"

"ठणका मारून राहिला, ते जाऊ द्या. पण कालपासून कुसुम मले बाबाजी म्हणून राहिली. चहात साखर वाढली. डॉक्टर साहेब खांद्यावर हात ठेवून गेले. पोरगा म्हणते, नागपूरले चाला, चष्म्याचा नंबर काढू. पट्टी सुटली नाही अन् चष्मा? मी येत नाही म्हटलं." मग हळू आवाजात, "मेल्या माणसाबद्दलच लोक इतकं चांगलं बोलतात, बाई."

मी "बघते" म्हणाले आणि कुसुमला गाठलं.

"काल काय झालं गं?"

"ड्रेसिंग सोडलं तं पू दिसला, बाई. डॉक्टर साहेबानं त्याच्या पोराले, श्रावणले, सांगितलं, आजच्या आज नागपूरले ने. तो पोरगा रडाले लागला. म्हणे, बापाले कोणी सांगू नका, तो हाय खाईन. मंग मी काय करू? मले तं आता बुढ्या म्हणवतच नाही."

ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत पू होणं क्वचित घडतं. पण घडलं तर उशीर चालत नाही. डोळ्याच्या आतच औषध द्यावं लागतं आणि ती सोय नागपूरला होती.

डॉक्टर ओपीडीत होते.

"सर, डोमाजींना खरं सांगू का? चष्म्याचं पटत नाही म्हणून ते अडून बसलेत."

"मुलाने माझ्याकडून शब्द घेतलाय, सिस्टर."

"डोळा डोमाजींचा आहे."

ते चिडले. "मुलगा येऊ दे. त्याच्यासमोर बोलू."

श्रावण मामाला आणायला रामाकोन्याला गेला होता. डोमाजी त्याचं ऐकतात, म्हणून. नर्सने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय निदान सांगायचं नाही, हा नियम मला पाठ होता. मी थांबले. दुपारची नागपूरची बस निघून गेली. डोमाजी मध्येमध्ये हाक मारत होते. मी "आलेच" म्हणत होते आणि जात नव्हते.

श्रावण मामाला घेऊन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी त्याला व्हरांड्यात थांबवलं. डॉक्टरही तिथे आले.

"खरं सांगितल्याशिवाय ते हलणार नाहीत," मी म्हणाले.

"बाई, एकच डोळा हाय त्याचा. कोण्या तोंडानं सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगते. तू फक्त हात धर."

श्रावणने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली.

मी कॉटवर बसले. "डोमाजी, मी आहे. श्रावण आहे, त्याचा मामा आहे. डोळ्यात पू झालाय. इथं उपाय नाही, नागपूरला आहे. तिथं गेल्यावर डोळा वाचेलच, असं मी म्हणत नाही. वाचायचा असला तर तिथंच वाचेल."

डोमाजींनी पाय खाली सोडले आणि पायाने चपला चाचपल्या.

"चाला ना मंग. श्रावण, माही चादर घे." आणि माझ्या दिशेने तोंड करून, "हेच कालच काऊन नाही सांगितलं? मी का लेकरू होतो?"

हाय खाणं नाही, रडणं नाही. ज्या गोष्टीला सगळे भीत होते ती झालीच नाही.

संध्याकाळची बस स्टँडवर लागली होती. मी आणि कुसुमने धरून त्यांना चढवायला घेतलं. पायरीवर ते अडले.

"मास्तरीणबाई, जाता जाता एक टोमणा तं मारा."

टोमण्याऐवजी मी श्रावणकडची चादर घेऊन त्यांच्या अंगावर टाकली. कंडक्टरने घंटी मारली.

डोळा वाचला नाही. बऱ्याच दिवसांनी श्रावण येऊन सांगून गेला. एक दिवस आधी आणलं असतं तर, असं त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. नक्की सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्या उत्तराने माझं समाधान तेव्हा झालं नाही, अजूनही होत नाही.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला पेशंटशी गोड बोला असं शिकवलं होतं. पण एकाएकी सगळेच गोड बोलायला लागले की पेशंटला कळायचं ते कळतंच, फक्त अर्धवट कळतं. आणि अर्धवट कळलेला माणूस जागचा हलत नाही.

हे शहाणपण नंतरचं. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, डोमाजींच्या कॉटवर कुसुमने धुतलेली चादर घातली. लोधीखेड्याचे एक आजोबा मुलाला घेऊन ऑपरेशनसाठी आले होते. डोळ्यावर पट्टी चढायच्या आधी, त्यांना माझा चेहरा थोडा तरी दिसतोय तोवर, मी समोर स्टूल घेऊन बसले.

"मी इथली सिस्टर. तुमच्या डोळ्याचं काही कमीजास्त झालं तर आधी कोणाला सांगू? तुम्हाला की मुलाला?"

मुलगा काही बोलणार, तेवढ्यात आजोबाच म्हणाले, "हे काय इचारनं झालं, बाई? मले."

मी कुसुमला हाक मारून ते तिच्यासमोर पुन्हा वदवून घेतलं. मग ड्रम वाफेवर चढवला.