मरणाचं पान

कर्जाचा कुठलाही करार हातात आला की आमचे सर तो शेवटून चाळायचे. "आधी मरणाचं पान काढ गं," म्हणायचे. ज्या दरावरून व्याज ठरतं तो दरच उद्या बंद पडला तर काय करायचं, हे जिथं लिहिलेलं असतं ते मरणाचं पान. बऱ्याच करारांत ते नसायचंच. मग चोर पकडल्यासारखे सर खूश व्हायचे.

परळच्या त्या कंपनीत पैशांचे व्यवहार सांभाळणारे आम्ही पाचजण. परदेशी कर्जांचा जुना दर बंद होणार हे नक्की झालं आणि सरांनी आम्हाला शाळेत बसवलं. रोज जेवणानंतर सराव. एकानं बँक व्हायचं, दुसऱ्यानं कंपनी, आणि भांडायचं. आमचे परब बँक झाले की इतके ताठ बसायचे की हसू आवरायचं नाही.

नवा दर काही त्यांच्या डोक्यात शिरेना. सर म्हणाले, "परब, खानावळ आठवा. जुना दर म्हणजे पैसे आधी ठरवून जेवायचं. आता रोज जेवायचं आणि बिल शेवटी कळायचं."

"म्हणजे ताटार नजर ठेवूक व्हयी," परब म्हणाले. सर टेबलावर हात आपटून हसले.

परबांना धास्ती एकच. घरात कमावते ते एकटे, आणि हे नवं जमलं नाही तर? सर म्हणायचे, "कुठं जाताय? मी आहे ना." परब लालबागला घरी जाऊन बायकोलाही तेच सांगायचे, "सर आसत." असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. माझाही जीव होता त्यांच्यावर, खोटं कशाला सांगू?

दर बदलला. कुठं काही अडलं नाही. सरांनी पेढे वाटले आणि थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. मागोमाग कळलं, आमचं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीकडे जाणार, आम्हा पाचही जणांना घरी बसवणार. त्या कंपनीचे नवे साहेब आमचे सर. सराव चालू होता तेव्हाच त्यांचं तिकडे ठरलेलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. शेजारच्या चौकोनांत त्यांची नवी माणसं. आमचं काम आम्हीच त्यांना समजावून द्यायचं होतं. त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं. परबांनी मात्र हातचं काही राखलं नाही. आता शेवटी तरी हा माणूस दोन शब्द सुनावेल म्हणून मी वाट बघत होते.

"सर, जेवलात?" परबांनी विचारलं.

सर खाली बघत "हो" म्हणाले. मग त्यांचा चौकोन काळा झाला.