पोट बघून कागद लिहिला

छाती आवळत होती. डाव्या हाताला मुंग्या. कडेवर चौदा महिन्यांची लेक. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या दवाखान्याचं काउंटर धरून मी म्हटलं, "ताई, श्वास घेता येत नाही."

काउंटरवरच्या ताईनं तोंडाकडं नाही, पोटाकडं पाहिलं. "कितवा महिना?"

"नाही हो. पोट असंच आहे माझं."

"एक कडेवर, एक पोटात. तुमच्या वस्तीत दुसरा उद्योग नाही का?" बाकावरच्या बाया हसल्या. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं, लघवीची डबी हातात दिली. "आधी हे. मग डॉक्टर."

मी गेले. भिंतीला टेकून, लेकीला पायांत धरून डबी भरली. का गेले? सातवी शिकलेली मी. कागदावर लिहिणाऱ्याचं खरं, एवढंच माहीत.

पाऊण तास बसवलं. घामानं ब्लाउज भिजला.

डबी तपासून आल्यावर ताई म्हणाली, "नाहीये काही. गॅस असेल."

डॉक्टर दारात आले. माझं मनगट दोन बोटांत धरून म्हणाले, "अशा काडीला हार्टचं काही होत नसतं. भजी कमी खा."

बाया परत हसल्या. त्यांचं बघून माझी लेकही हसली. टाळ्या वाजवल्या तिनं. तिला काय कळणार, आईला हसताहेत.

मी दारातच खाली बसले. "मन्हा छातीमा दुखस. पट्ट्या लावा. तोवर मी आठेच बठसू."

ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. मशीनमधून कागद सरकत आला, डॉक्टरांचं हसू गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, हातपाय काड्या असले तरी पोटात, आतड्यांभोवती चरबी साचते. रक्तात चरबी वाढते, रक्त घट्ट होतं, हृदयाच्या नळीत अडकतं. "लवकर यायचं ना गं."

लवकरच आले होते मी.

हृदयाचा एक तुकडा मेला. आता धुळ्याला माहेरी आहे. सध्या वजन उचलायचं नाही. लेक दोन्ही हात वर करून रडते, मी बघत राहते.

नवरा नरडाण्याला कारखान्यात. फोनवर म्हणतो, "सोडी दे वं. मोठला लोके शेतस त्या."

असतील मोठी माणसं, नाही सोडणार. तक्रारीचा अर्ज मीच लिहिलाय. अक्षर वाकडं, चुका असतील. पण ताईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय, तो पाऊण तासही. सोमवारी जळगावला कलेक्टर ऑफिसात देणार. जिन्यात चारदा बसावं लागलं तरी चालेल. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय हलणार नाही.

तुम्ही सोडलं असतं?