बे दुणे चार

सेज नावाच्या सुगंधी झुडपाच्या वाळलेल्या पानांचा धूर नाकात गेला की मला डब्लिनच्या पार्कमधली ती दुपार आठवते. निसर्गाला देव मानणाऱ्या पेगन मंडळींच्या स्नेहभोजनाला मी पहिल्यांदाच गेले होते. नेणारा माझा नागपूरचा मित्र. कॉलेजात आम्ही दोघांनी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं दारोदार वाटली होती. ‘तिथे कोणी पुजारी नाही, सगळे सारखे,’ असं त्यानेच सांगितलं होतं. ओकच्या झाडाखाली घरचा ब्रेड, ॲपल पाय आणि गोल करून बसलेली साधी माणसं. मला ती आवडली. मग मित्र मधोमध उभा राहिला आणि डोळे मिटून गंभीर सुरात ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणू लागला. सगळ्यांनी माना झुकवल्या. शेजारच्या आजींचे डोळे भरून आले. ‘याच्या घराण्याचा हा मंत्र हजार वर्षांचा आहे म्हणे,’ त्या मला म्हणाल्या. ‘अर्थ सांगशील?’ मित्राने मला डोळा मारला. मी अर्थ सांगितला. आजींनी जोडलेले हात हळूच सोडले. परतताना गाडीत तो म्हणाला, ‘गंमत होती, यार. तू मला दगा दिलास.’ ती पत्रकं अजून माझ्याकडे आहेत. त्यांतला शब्द न् शब्द त्याने लिहिलेला आहे.