तबकडीच्या शेवटी नाव नव्हतं

न्यूयॉर्कजवळ आयसेलिनला आमच्या खालच्या मजल्यावर एक काळी म्हातारी एकटीच राहायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला एका लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा आमची तीन वर्षांची मुलगी तिच्याकडे ठेवायचं ठरलं. दुसरं होतं तरी कोण? मुलगी तिला ग्रॅनी म्हणू लागली आणि बघता बघता माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकू लागली. मला ते खुपायचं.

मी मुळातच संशयी. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणाऱ्या घरात वाढलेली.

एकदा म्हातारी म्हणाली, तरुणपणी मी ब्लूज गायचे. आधी तंबूतल्या खेळांत गावोगाव, मग न्यूयॉर्कला रेकॉर्ड निघाली. मी नुसती मान डोलावली. रेकॉर्ड निघालेली बाई दुसऱ्यांची पोरं कशाला सांभाळेल? माझा चेहरा बघून तिने कपाटातून एक जड तबकडी काढली आणि लावली. खरखरीतून भरदार आवाज वर आला. नवरा सोडून गेलेल्या बाईचं गाणं होतं. प्रत्येक ओळ ती दोनदा म्हणायची आणि दुसऱ्यांदा शेवटच्या शब्दावर आवाज घसरवून मध्येच सोडून द्यायची.

मी गाणं संपायची वाट बघत होते. माझ्या आजोळी जुन्या तबकड्या होत्या. त्यांत गाणं संपलं की गाणारी बाई ठसक्यात स्वतःचं नाव सांगायची. इथे सुई नुसतीच खरखरत राहिली. लेबलवर नाव होतं, तेही भलत्याच बाईचं.

"शेवटी तुम्ही नाव नाही सांगितलंत?" मी इंग्रजीत विचारलं.

"नाव कोण सांगतं गाण्यात?" ती हसली. "आणि सांगणार तरी कुठलं? माझा करार दुसऱ्या कंपनीशी होता, म्हणून या कंपनीने खोटं नाव छापलं."

उत्तर अगदी तयार होतं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं.

"मग आता थोडं गाऊन दाखवा ना."

"फर्माइशीवर गाणं मी केव्हाच सोडलंय," ती म्हणाली आणि तबकडी कपाटात ठेवून दिली.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, बाई सरळ थापा मारते. आपली मुलगी तिच्याकडे सेफ आहे का?"

"यार, मुलगी खूश आहे ना? कशाला चेक करत बसतेस?"

पण डोक्यात किडा शिरला की शिरला. चार दिवसांनी डोकं दुखतंय असं सांगून मी दुपारीच लॅबमधून निघाले आणि तिच्या दाराशी पाय न वाजवता उभी राहिले. आत तीच ओळ, तसाच घसरून सुटलेला शेवटचा शब्द. तबकडी लावून पोरीला एकटं सोडलं असणार! मी दार ढकललं.

ग्रामोफोन बंद होता, वर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. म्हातारी खुर्चीत बसून गात होती. मांडीवर माझी मुलगी पेंगत होती. आवाज जाडसर झालेला, थकलेला, पण तोच.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सगळं समजली.

"सापडलं काही?"

मी सॉरी म्हटलं, डोकेदुखीचं सांगू लागले. आजोळच्या तबकड्यांचंही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तबकडीतली ती मीच, हे जन्मभर मी लोकांना पटवत आले," ती म्हणाली. "आता माझ्याच घरात नाही पटवणार. उद्यापासून पोरीसाठी दुसरीकडे बघ."

मला राग आला, रडूही आलं. आई आहे मी, खात्री करून घेणारच, आजही घेईन.

तिने मुलीला कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, पापा घेतला. मी हात पुढे केले. मुलगी तिच्या गळ्याला घट्ट धरून राहिली, आणि म्हातारीलाच तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.